गाडीचं वशिंड

तेल गळतं म्हणजे ते कुठून तरी गळतं, आणि जिथून गळतं तिथे कमी होतं. इतकी साधी गोष्ट आहे ही. पण आमच्या गाडीतून गळायचं आणि कमी होत नव्हतं. रोज सकाळी गोठ्याच्या फरशीवर पिवळे थेंब, आणि तेल मोजायची सळई काढून पाहावी तर इंजिनात तेल काठोकाठ. प्रज्ञा म्हणायची, कामिनी, तुझ्या गाडीला द्रौपदीची थाळी लागली आहे. तिला हसू यायचं आणि माझं डोकं फिरायचं. माझं डोकं तसंही लवकर फिरतं, हे आमच्या अख्ख्या नशिराबादला माहीत आहे.

प्रज्ञा देवपूरची, म्हणजे धुळ्याची. जळगावला आम्ही दोघींनी एकत्र इंजिनिअरिंग केलं. आता तिचं धुळ्यात स्वतःचं गॅरेज आहे आणि मी घरी वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, केळीचा धंदा बघते. पण आमचा दोघींचा खरा धंदा म्हणजे ही गाडी. लाल, बुटकी, दोन सीटची, जुनी जपानी स्पोर्ट्स कार. पुण्यात एकाच्या शेडमध्ये कोंबड्या बसायच्या तिच्यावर. आम्ही ती ट्रकवर घालून आणली आणि घरामागच्या रिकाम्या गोठ्यात दोन वर्षं खपून तिला उभी केली. हिचं इंजिन पुढे नाही, सीटच्या मागे आहे. त्यावर एक फुगीर झाकण. ते उचललं की इंजिन.

गोठा रिकामा होता, कारण आमचे बैल भुऱ्या आणि पवन म्हातारे होऊन एकामागोमाग गेले, आणि नानांनी पुन्हा जोडी घेतली नाही. ट्रॅक्टर आला, तो अंगणात उभा असतो. गोठ्यात गाडी ठेवू का विचारलं तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "ठेव. तसाबी ओसाड पडला हाये." त्यानंतर दोन वर्षांत गाडीबद्दल त्यांच्या तोंडून एक चांगला शब्द निघाला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, पोरीचं खेळणं हाये. मला ते लागायचं. खोटं कशाला बोलू, फार लागायचं.

तर फाल्गुनात आम्ही ते खेळणं घेऊन धुळ्याला गेलो. तिथे गावाबाहेर एका मोठ्या मैदानावर शंकू मांडतात आणि त्यांच्यामधून एकेक गाडी पळवून वेळ लावतात. आधी तपासणी होते. तपासनीस नाशिकचे एक साहेब होते, शांत आणि चिवट. त्यांनी गाडीखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवला, गाडी चालू ठेवायला सांगितली, आणि थोड्या वेळाने पुठ्ठा ओढून काढला. त्यावर पिवळा धमक थेंब.

"मॅडम, ऑइल लीक. तेल सांडलं की मागून येणारा घसरतो. गाडी बाहेर घ्या."

एकसुद्धा फेरी न मारता आम्ही गाडी ढकलत बाहेर काढली, भेळ खाणाऱ्या दोनशे लोकांच्या मधून. जाताना साहेबांनी नियम ऐकवला. याच दोषासाठी गाडी दुसऱ्यांदा परत गेली, तर पुन्हा तिला इथे प्रवेश नाही. आणि पुढची स्पर्धा होती पोळ्याच्या दिवशी. म्हणजे पोळ्याला पुठ्ठा कोरडा निघाला तर आम्ही पळणार. नाही निघाला, तर दोन वर्षांची मेहनत पुन्हा कोंबड्यांना.

गळती शोधायचा एक नियम आहे. तेल खाली वाहतं, म्हणून खालचा थेंब पाहायचा नाही, सगळ्यात वरची ओली जागा पाहायची. गुन्हेगार तिथे असतो. आम्ही डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिन असं घासलं की त्यात तोंड दिसावं. मग त्यावर लहान बाळाची पावडर फवारली, म्हणजे तेल जिथून निघेल तिथे पावडर भिजून ओघळ दिसेल. रात्रभर तशीच ठेवली, सकाळी एरंडोलपर्यंत जाऊन आले, आणि झाकण उचललं. ओघळ होता. इंजिनाच्या अगदी माथ्यावरून खाली आलेला.

माथ्यावर व्हॉल्व्हचं झाकण असतं आणि त्याखाली तेल अडवणारं रबरी गॅस्केट. मी म्हटलं, सापडला चोर. तडक जळगावला बन्सीलालच्या दुकानात गेले, कारण गॅस्केट त्याने दिलं होतं. त्याला इतकं बोलले, इतकं बोलले की दुकानातली तीन गिऱ्हाईकं माल न घेता निघून गेली. बिचारा हात जोडून म्हणाला, ताई, ओरिजिनल आहे, पण तुम्ही दुसरं घेऊन जा. दुसरं बसवलं. दुसऱ्या दिवशी ओघळ तसाच. मग मागचं सील बदललं, मग पुढचं, मग फिल्टरची रिंग. ओघळ हलायला तयार नाही.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे वास. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवली की मला भूक लागायची. कडकडून. मागून असा खमंग वास यायचा की वाटावं कोणी फोडणी घातली आहे. एरंडोलला चहाच्या टपरीवर थांबले तर टपरीवाल्याने गाडीकडे बघत विचारलं, "ताई, डब्यात काय आणलं हो?" मी म्हटलं डबा नाही. त्याला पटलं नाही. मला वाटलं रस्त्याच्या भज्यांचा वास असेल. हायवेला भज्यांच्या गाड्या काय कमी आहेत?

घरी आईचं वेगळंच चाललं होतं. आमची आई, बेबाबाई, स्वयंपाकघरात कोणी चिमूटभर मीठ घेतलं तरी ओळखते. ती महिनोन् महिने एकच पालुपद लावून होती. "शेंगदाण्याच्या तेलाचा डबा इतक्या लवकर कसा सरतो? कामे, तू त्या गाडीच्या नटबोल्टाले तं नी लावत ना?" मी चिडून म्हणायचे, गाडीला शेंगदाण्याचं तेल लावायला मी काय वेडी आहे का. आणि फणकाऱ्याने निघून जायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी प्रज्ञा धुळ्याहून बसने आली. पिशवीत तिने एक छोटी बाटली आणली होती आणि एक जांभळा टॉर्च. बाटलीतला रंग इंजिनाच्या तेलात ओतायचा, गाडी फिरवून आणायची, आणि अंधारात त्यावर जांभळा टॉर्च मारायचा. तेल जिथून बाहेर येत असेल तिथे हिरवट पिवळं चमकतं. यातून कुठलीही गळती सुटत नाही, ती म्हणाली. तिचा टॉर्च बघूनच मला निम्मा धीर आला.

भर दुपारी अंधार कुठून आणायचा? पण केळीवाल्याच्या घरी अंधाराची कमी नसते. केळी पिकवायची आमची खोली त्या आठवड्यात रिकामी होती. चारी बाजूंनी बंद, आत गार आणि काळोख. आम्ही रंग ओतला, गाडी हायवेला फिरवून आणली, मग दोघींनी ढकलत त्या खोलीत घातली आणि दार लावून घेतलं. मी झाकण उचललं. प्रज्ञाने टॉर्च लावला.

सगळं चमकत होतं.

एखादी फट नाही, एखादं सील नाही. इंजिनाचा अख्खा माथा, झाकणाची आतली बाजू, बिजागरी, कडा, जिथे तेलाची नळी कधी गेली नाही, जाणार नाही, तिथेसुद्धा. हिरवट पिवळा उजेड नुसता सांडला होता. प्रज्ञा चक्रावली की तिच्या घरच्या अहिराणीवर येते. ती म्हणाली, "हाई इंजिन नही वं. हाई चायनी शे." मी म्हटलं चायनी नाही, जपानी आहे. ती म्हणाली, "चायनी म्हंजे चाळणी, येडे."

मी गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले. गार फरशीवर. उद्या पोळा, आणि आमच्याकडे चाळणी. मला रडू यायला लागलं आणि रडताना थंडीही वाजत होती, म्हणजे धड रडताही येईना.

"कामिनी, उठ. इकडे ये," प्रज्ञाचा आवाज बदलला होता. टॉर्च तिने झाकणाच्या आतल्या बाजूवर धरला होता. मी उठून पाहिलं. तिथे चार बोटं उमटली होती. त्यांच्या बाजूला अंगठा. अख्खा पंजा, लख्ख.

मग प्रज्ञा म्हणाली, "इंजिनाला बोटं कधीपासून फुटली?"

तेवढ्यात दार उघडलं आणि नाना आत आले, एका हातात चहाचे दोन कप. "काय करू राह्यल्या वं पोरीहो अंधारात? च्या घ्या." दार मागे आपोआप लागलं. प्रज्ञाने सहज टॉर्च त्यांच्याकडे वळवला, कप दिसावेत म्हणून. आणि नानांचे हात पेटले. बोटं, नखं, तळवे, मनगटापर्यंत हिरवट पिवळे. उजवा कान तेवढा वेगळा चमकत होता, तो त्यांनी खाजवला असणार. कपाळावर टोपीखालीही एक ठिपका होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. प्रज्ञाने एक कप घेतला आणि हसू दाबायच्या नादात तो स्वतःच्याच पायावर सांडला.

"नाना," मी म्हटलं, "तुम्ही गाडीला काय लावलं?"

"तेल लावलं," नाना म्हणाले, जसं काही मी विचारलं की सूर्य कुठून उगवतो. "तेल अन् हळद. रोज पहाटी लावतो. आज खांदेमळण हाये म्हणून जरा जास्त लावलं."

खांदेमळण म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद आणि तेलाने चोळायचे. वर्षभर जू वाहिलेला खांदा तो, त्याला एक दिवस आराम द्यायचा. हे मला माहीत होतं. लहानपणी भुऱ्याचा खांदा मीही चोळला आहे. "पण हे गाडीला कशाला?" मी विचारलं.

"कामून म्हंजे?" नानांना माझा प्रश्नच समजेना. "गोठ्यात हाये. काम करती. घामेजून येती, हात लावला तं अंग तापलेलं. कामाच्या जनावराच्या खांद्याले तेल नी लावलं तं खांदा सुजतो."

"मग ट्रॅक्टरला का नाही लावत?" प्रज्ञाने विचारलं.

"त्याले वशिंड कुठी हाये?" नाना म्हणाले, आणि गाडीच्या फुगीर झाकणावर हात ठेवला. "हिले हाये. मंग हिचा खांदा तोच."

"नाना, आम्ही त्याच्यावर पावडर टाकली होती. ती दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली ना. म्या म्हटलं, पोरीहीनं पावडर लावली तं आपण तेल लावाले काय हरकत हाये."

आता मात्र प्रज्ञा खाली बसली. हसून हसून तिची मुरकुंडी वळली. बाटलीतला रंग इंजिनात सुखाने फिरत होता, एक थेंब बाहेर आला नव्हता. चमकत होती ती हळद. जांभळ्या उजेडात हळदही तशीच चमकते, हे आम्हाला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. इंजिनातलं तेल कमी होत नव्हतं, कारण कमी होत होतं ते आईच्या डब्यातलं. आणि तो भुकेचा वास, एरंडोलचा टपरीवाला, बन्सीलाल. चोर सोडून मी त्या संन्याशाला फाशी दिली होती.

हसता हसता माझ्या डोक्यात फाल्गुनातला तो पुठ्ठा आला आणि माझी सटकली. "नाना, या तेलापायी आम्हाला धुळ्याहून हाकलून दिलं. दोनशे लोकांसमोर. उद्या पुन्हा थेंब पडला तर गाडी कायमची बाद. कळतंय का तुम्हाला?"

नानांचा चेहरा उतरला. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांनी गाडीवरचा हात काढून घेतला, धोतराला पुसला, दुसरा कप माझ्या हातात दिला. "मले वाटलं, थकली आसल म्हणून परत आली," एवढं म्हणाले. मग म्हणाले, "आता नी लावत." आणि दार लोटून गेले.

चहा गार झाला. मी प्यायले नाही. प्रज्ञा म्हणाली, जा त्यांच्यामागे. मी म्हटलं, आधी गाडी. आम्ही झाकण, बिजागऱ्या, कडा, सगळं डिझेलने धुतलं, पुसलं, पुन्हा टॉर्च मारला. काळं कुळकुळीत. तो पंजा पुसायला मात्र माझा हात पुढे होईना. शेवटी प्रज्ञाने पुसला. तेव्हा मला कळलं की मला राग आलेला नाही, मला आनंद झालाय, आणि तो कुठे ठेवावा हे कळत नाहीये. दोन वर्षं ज्या माणसाने गाडीला खेळणं म्हटलं, तो रोज पहाटे उठून तिचा खांदा चोळत होता.

नाना गोठ्यात होते. पवनच्या खुंट्याजवळ बसले होते, समोर पितळेची वाटी. वाटीत हळदीचं तेल उरलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी वाटीत तेल उरलेलं त्यांना कसं चालणार? फेकता येत नाही आणि लावायला कोणी नाही. मी जाऊन त्यांच्यापुढे पाठ करून बसले आणि कुडत्याचा गळा खांद्यावरून सरकवला.

"लावा," मी म्हटलं.

"तुले?" नाना म्हणाले. "तू का बैल हाये?"

दारातून आई म्हणाली, "दोन वर्षं त्या गाडीमागं राबू राह्यली. बैलाहून कमी हाये का? अन् तसाबी माह्या डब्यातलं तेल हाये, वाया नको घालू."

नानांचा हात खांद्यावर पडला तेव्हा मी जरा दचकले. किती वर्षांनी पडला असेल. खरखरीत तळवा, कोमट तेल. आधी हळूच, मग बैलाला चोळतात तसा पूर्ण जोर लावून. माझ्या तोंडून आई गं निघालं. प्रज्ञा खांबाला टेकून फोटो काढत होती, तर नाना तिला म्हणाले, "तू बी बस वं बाई. जोडीनं जुंपतात, एकाचा खांदा मळत नसतात." मग तीही बसली. दोघींचे खांदे मळून झाले, आणि नानांनी बैलांच्या कानात म्हणतात तसं आमच्या कानात म्हटलं, आधी तिच्या, मग माझ्या. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मला तेव्हा रडू आलं. धड आलं, थंडीबिंडी काही वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या मैदानावर तेच साहेब, तोच पांढरा पुठ्ठा. नाना आणि आई मागून गावातल्या एकाच्या जीपने आले होते. आईच्या मांडीवर डबा. साहेबांनी पुठ्ठा आत सरकवला. गाडी घरघरत राहिली. नानांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते, जसं काही हात पुढे आले तर आपोआप तेल लागेल. साहेबांनी पुठ्ठा ओढला, वर केला, उन्हात फिरवला. कोरडा. मी हेल्मेट उचललं.

"थांबा," साहेब म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते. माझ्या पांढऱ्या रेसच्या कपड्यांची कॉलर पिवळी झाली होती. त्यांनी प्रज्ञाची कॉलरही पाहिली. तीही पिवळी. त्यांनी वाकून वास घेतला. "हे काय आहे? ऑइल?"

"हो साहेब," मी म्हटलं. "पण ड्रायव्हर गळतेय. गाडी नाही."

साहेबांनी जवळचं नियमांचं पुस्तक चाळलं. खरंच चाळलं. मग मिटवलं आणि म्हणाले, "ड्रायव्हरबद्दल काही लिहिलेलं नाही. जा."

आम्ही पळालो. एक शंकू पाडला, दुसऱ्याला नुसता धक्का लागला, शेवटच्या वळणावर मागच्या चाकांची पकड सुटली आणि पुन्हा बसली, आणि मी हेल्मेटच्या आत गाणं म्हणत होते, कोणतं ते आता आठवत नाही. पहिल्या आलो का? कशाचं. सातव्या आलो, अकरा गाड्यांत. प्रज्ञा मात्र सगळ्यांना असं सांगत फिरत होती की चार गाड्या आमच्या मागे आहेत.

परत आलो तेव्हा आईने डबा उघडला होता. पुरणपोळी. नानांनी पहिला घास माझ्या तोंडात घातला, दुसरा प्रज्ञाच्या. आवतन दिलं होतं, ते पाळलं. मग ते गाडीपाशी गेले आणि तिच्याकडे नुसते बघत उभे राहिले. थोड्या वेळाने माझ्याकडे वळले. खिशातून त्यांनी रुमालात गुंडाळलेली पितळेची वाटी काढली.

"आता तं पळून झाली ना?" त्यांनी विचारलं. "आता लावू का?"

मी गाडीमागे गेले, वशिंडाची कडी काढली आणि झाकण दोन्ही हातांनी वर उचलून धरलं. इंजिन चांगलंच तापलेलं होतं. नानांनी बाह्या सारल्या, बोटं वाटीत बुडवली, आणि थोड्याच वेळात त्या अख्ख्या मैदानाला भूक लागली.